कंट्रोलर साहेबांचा चहा

गेल्या उन्हाळ्यात आर्वीत एक कुजबुज फिरत होती. ती निघाली एसटी स्टँडसमोरच्या पानठेल्यावरून, दुपारी भाजीबाजारात पोचली आणि दिवेलागणीला महिला भजनी मंडळात जाऊन मांडी घालून बसली. कुजबुज अशी, की प्रभाकरराव निस्ताने ज्याच्या घरी चहा पितात, त्याच्या घरी महिन्याच्या आत तिरडी बांधावी लागते.

सांगणारे हे कानातच सांगत, पण पलीकडच्या दोन टपऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "मीराबाईच्या घरी गेलता, चहा पेला, वरून खारी खाल्ली. एकवीस दिवस! कंपाउंडरच्या घरी गेलता. नुसता चहा पेला. नऊ दिवस!" म्हणजे खारी खाल्ली की बारा दिवसांची सवलत मिळते, असाही हिशेब कोणीतरी मांडून दाखवला.

परिणाम असा झाला, की प्रभाकररावांची स्कूटर गल्लीत वळताना दिसली की बायका आधी गॅस बंद करत, मग म्हाताऱ्यांना आतल्या खोलीत नेऊन निजवत. एका घरी सुनेनं दारातच हात जोडले. "काका, दूध नाई, साखर नाई, पत्तीबी नाई." मागं गोठ्यात दोन म्हशी रवंथ करत उभ्या होत्या, त्यांनीही मान फिरवली.

खरंखोटं मागाहून पाहू. आधी माणूस पाहू.

प्रभाकरराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आर्वी आगारात माईकसमोर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. गावात त्यांना नावानं फार कोणी ओळखत नाही, कंट्रोलर साहेब म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवतं. आवाज असा भरदार, की "कारंजा घाडगेकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हटलं की ज्याला कुठंच जायचं नाही तोही पिशवी उचलून उभा राही. असा आवाज देवानं दिला आणि त्यातून आयुष्यभर काय निघालं, तर फलाट क्रमांक. ही सल त्यांच्या मनात होती. ती सल भरून निघाली स्मशानात.

आपल्याकडे अग्नी दिला की माणसं लगेच घरी पळत नाहीत. घाटावर टिनाच्या शेडखाली बसतात आणि शोकसभा होते. दोनतीन जण बोलतात, दोन मिनिटं सगळे उभे राहतात, मग आंघोळीला आपापल्या घरी. बावीस वर्षांपूर्वी आगारातला एक ड्रायव्हर गेला. युनियनचा पुढारी बोलायला उभा राहिला आणि डोळे पुसत खाली बसला. कोणीतरी म्हणालं, "कंट्रोलर साहेब, तुमीच बोला नं." प्रभाकरराव उभे राहिले. बोलले काय ते त्यांनाही आठवत नाही, पण पुढच्या रांगेत सात हातरुमाल निघाले. त्या दिवसापासून आर्वीतला मेलेला माणूस त्यांच्या भाषणाशिवाय वर गेला नाही.

त्यांची भाषणं चार होती. व्यापाऱ्याचं, शेतकऱ्याचं, नोकरदाराचं आणि बाईमाणसाचं. नाव तेवढं बदलायचं. चारही भाषणांत सातव्या मिनिटाला "कधीही भरून न निघणारी पोकळी" यायची. तिथं ते आवाज खाली घेत, थांबत आणि शेडमधून नजर फिरवत. लोकांना वाटे, साहेबांना भरून आलं. साहेब हातरुमाल मोजत असत. एका मुख्याध्यापकाच्या वेळी एकतीस निघाले होते, तो त्यांचा विक्रम. बायकोला, शोभाबाईंना, हे सगळं ठाऊक होतं. घाटावरून येऊन अंगणात आंघोळ झाली की त्या टॉवेल देताना विचारत, "किती?"

"एकोणीस."

"बरं झालं. जेवाले बसा."

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या हौसेनं चाकाचा स्पीकर आणि बिनवायरीचा माईक घेतला. पांढरा झब्बा कायम इस्त्री करून खुंटीला. मयताचा मेसेज ग्रुपवर पडला की "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिण्याआधी ते स्पीकर चार्जिंगला लावत. आता यात वाईट काय? कोणी भजन करतं, कोणी रमी खेळतं.

घाटावर लाकडाचं काम चिंधू पाहायचा. ओलं-सुकं निवडायचं, चिता रचून द्यायची, राख सावडायला येणाऱ्यांना बादली द्यायची. पन्नाशीचा, किडकिडीत, खांद्यावर गमछा. बावीस वर्षांत चारही भाषणं त्यानं इतक्यांदा ऐकली होती, की "पोकळी" आली की तो उठून विस्तव सारखा करायला जाई. पाच मिनिटं उरली हे त्याला त्यावरून कळे. प्रभाकररावांच्या लेखी तो शेडच्या खांबासारखा होता. आहे म्हणून आहे.

आणि गेल्या माघात गुलाब गेला. गुलाब म्हणजे गांधी चौकाच्या पुढं ज्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं तो. प्रभाकरराव त्या दिवशी लेकीकडं, रुचिकाकडं, वर्ध्याला होते. नातवाचा वाढदिवस होता. केक कापेपर्यंत मेसेज दिसलाच नाही. दिसला तसे ते जावयाचा झब्बा अंगात कोंबून निघाले. झब्बा काखेत इतका घट्ट, की बसमध्ये वरची दांडी धरवेना. बसनं वाटेतलं खरांगणा मागं टाकलं तेव्हा घाटावरून फोन आला, "साहेब, कुठवर आले?"

"थांबवा. येऊन राह्यलो मी."

आता अग्नी काही कंट्रोलर साहेबांसाठी थांबत नाही. लोक शेडखाली बसले. बोलायला कोणी नाही. गुलाब तसा तोंडाचा फाटका माणूस, त्याच्याबद्दल चांगलं काय बोलावं हेही कोणाला सुचेना. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "चिंधू, तूच बोल बे दोन शब्द. रोज ऐकतं नं तू."

चिंधूनं गमछा खांद्यावरून काढून हातात घेतला. माईक नव्हता.

"गुलाबभाऊ काही गोड माणूस नव्हता," तो म्हणाला. "मलेबी शिव्या देल्ल्या त्यानं. पण त्याच्या दुकानात वर एक लेडीज सायकल टांगून आहे, सगळ्यायनं पायली असन. बारा वर्षं झाली. त्याच्या पोरीची, आचलची. ती सासरी गेली तवापासून. दर रविवारी तो ते सायकल खाली काढे, हवा भरे, चेनले तेल देये, अन् पुन्हा टांगून ठेवे. कोणी इकत मागितली की खेकसे, गिऱ्हाईक हाये तिचं, येणार हाये म्हणे. आचलबाई, तू आली आज. सायकल चालू हाये, बाई. जाताना घेऊन जाजो."

एवढंच. दीड मिनिट.

प्रभाकरराव फाटकातून धापा टाकत आत शिरले ते नेमके या वेळी. त्यांनी पाहिलं, की शेडमध्ये एकही माणूस सरळ बसलेला नाही. ज्याच्याकडे हातरुमाल नव्हता त्यानं बाही धरली होती. किराणावाला सचिन, जो मयतालाही मोबाईलवर सोयाबीनचे भाव पाहतो, तो तोंड झाकून हुंदके देत होता. आचल तर जमिनीवर बसली होती. सवयीनं प्रभाकररावांची नजर फिरू लागली. दहा, वीस, एकतीस... चव्वेचाळीसवर त्यांनी मोजणं सोडलं. आपलेही डोळे ओले झालेत हे त्यांच्या लक्षात आलं, पण वारा त्यांच्याकडेच येत होता. धूर असेल.

घरी शोभाबाईंनी टॉवेल दिला. "किती?"

"मी नाई बोललो. तो लाकूडवाला बोलला."

"तरी पण, किती?"

प्रभाकररावांनी डोकं इतक्या जोरात पुसलं, की केस उभे राहिले. "ते भाषण नाई म्हणत त्याले. ना सुरुवात ना शेवट. चुगली होती ते, मेलेल्या माणसाची चुगली!"

"मंग लोक काऊन रडले?"

"भाजीत तिखट जास्त झालं तरी लोक रडतात, शोभा."

पण ते मनाला लागलं ते लागलंच. रस्त्यानं जाताना लोक हटकत, "साहेब, तुमी नव्हते गुलाबच्या वेळी? चिंधूनं मोठं जबरदस्त सांगितलं बरं." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असं सुख असे, जसं काही तो स्वतःच बोलला. दुसऱ्या मयताला कोणीतरी म्हणालंच, "साहेबांचं झालं की चिंधूबी बोलन दोन शब्द." त्या दिवशी प्रभाकररावांनी माईक सोडला नाही. व्यापाऱ्याचं भाषण संपलं तर त्याला शेतकऱ्याचं जोडलं. पोकळी दोनदा आली. पाऊण तास झाला. मयताचा साडू उठून पाणी पिऊन आला, परत गेला, परत आला. मग कुठं चिंधू उभा राहिला आणि म्हणाला, "शेठजीनं मले कधी नमस्कार नाई केला. पण त्यायच्या आईच्या वक्ती ते याच दगडावर बसून तीन घंटे रडलते. मले म्हणे, कोणाले सांगू नको. आज सांगतो." आणि खाली बसला. दहा सेकंदांत शेडमध्ये नाकं ओढल्याचा आवाज. इकडं स्पीकरची बॅटरीसुद्धा पाऊण तासात संपली होती, त्यातून नुसतं गुर्रर्र येत होतं.

प्रभाकरराव सुज्ञ माणूस. त्यांनी ओळखलं, की गोम आवाजात नाही, माहितीत आहे. लाकूडवाल्याला माहिती असते आणि आपल्याला नसते. ठीक आहे. माहिती मिळवू. त्यांनी नवी कोरी डायरी घेतली आणि गावातल्या पंचाहत्तरीपुढच्या लोकांची यादी केली. मग स्कूटर काढली आणि एकेका घरी जाऊन बसायला लागले. चहा यायचा. चहा पिता पिता ते डायरी उघडत आणि मायेनं विचारत, "सकाळी किती वाजता उठता? कोणाले गुपचूप मदत केली का कधी? लहानपणची एखादी गोष्ट सांगा नं, हृदयाले भिडणारी."

म्हाताऱ्यांना आधी बरं वाटे. मुलं-सुना कधी विचारत नाहीत ते हा माणूस विचारतो, शिवाय लिहूनही घेतो. कशासाठी लिहून घेतो, ते पहिले काही दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं मीराबाई गेल्या तेव्हा. मीराबाई म्हणजे जुन्या शिवणक्लासच्या बाई. त्यांची दीड पानं माहिती डायरीत होती. प्रभाकररावांनी छाती भरून श्वास घेतला, डायरी धरली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं आवाज आपसूक त्या जुन्या पट्टीत गेला. "मीराबाई सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी उठत. सहा वाजून दहा मिनिटांनी पूजा. बालपण अमरावती. विवाहानंतर मीराबाई तळेगावमार्गे आर्वी येथे आल्या..."

मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच विचारलं, "फलाट कोणता, साहेब?"

शोकसभेत हसू फुटलं. मीराबाईंचा मुलगासुद्धा डोकं खाली घालून हलत होता, आणि तो रडत नव्हता. प्रभाकररावांनी पाहिलं, लाकडाच्या ढिगाशी चिंधू गमछ्यात तोंड घालून बसला होता. त्या गमछ्याचा त्यांना जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुठल्या बिनतिकीट प्रवाशाचाही आला नव्हता.

नऊ-दहा दिवसांत कंपाउंडर गेले. तिथंही डायरी निघाली. मग गावानं दोन मयतांचा हिशेब जुळवला, आणि चहाची कुजबुज सुरू झाली. दारं बंद झाली. डायरी चौदा घरांवर थांबली.

हे सगळं गेलं अण्णाजींच्या कानावर. अण्णाजी म्हणजे कापसाचे जुने अडते, वय नव्वद, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मार्केट यार्डात त्यांची गादी पन्नास वर्षं होती. ते जातील तेव्हा यार्ड बंद राहील, तळेगावपासून गाड्या येतील, शेडमध्ये माणूस मावणार नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. प्रभाकररावांना जरा जास्तच. ती सभा चिंधूनं मारली तर आपला बावीस वर्षांचा कारभार संपला आणि आपण मारली तर चिंधू पुन्हा खांबाजागी खांब. त्यांच्या जिवाला दुसरा घोर नव्हता.

आणि एका रविवारी अण्णाजींचाच फोन आला. "प्रभाकर, सगळ्या गावाच्या घरी चहा पेला म्हणते. माह्याच घरी काऊन नाई आला बे? मी काय कमी म्हातारा हाओ? ये. डायरी घेऊन येजो."

प्रभाकरराव गेले तर ओसरीवर चिंधू आधीच बसलेला. खुर्चीच्या टोकाला, गमछा मांडीवर. अण्णाजींची सून नंदिनी आतून ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये लिंबाचं सरबत होतं.

"चहा कुठं हाये?" अण्णाजी म्हणाले.

"बाबाजी, ऊन किती हाये. सरबत चांगलं."

"चहा आण नंदिनी. दोन कप आण, मीबी घेतो. गेलो तर याच्या चहानं गेलो की माह्या चहानं, हे लोकायले कळालेच नाई पायजे."

नंदिनी ओठ आवळून आत गेली. अण्णाजींनी पाय वर घेतले. "वाच आता. कोणकोण काय म्हणते ते."

प्रभाकरराव वाचू लागले. अण्णाजी ऐकत होते, पण फार वेळ नाही.

"थांब. हा पाच वाजता उठते? याच्या दुकानाचं शटर अकराच्या आधी कोणी पायलं? ...हा कोणाले टाकून बोलला नाई? याचा भाऊ पंचवीस वर्षं झाली याच्या अंगणात पाय नाई ठेवत. ...गुप्तदान करते? हाव. इतकं गुप्त, की घेणाऱ्यालेबी पत्ता नाई! आणखी किती जण गुप्तदान करतात पाय."

"अकरा."

"अन् पहाटे उठणारे?"

"चौदाही, अण्णाजी."

"म्हणजे आर्वीत चौदा संत राह्यले अन् मले नव्वद वर्षांत खबरच नाई!" अण्णाजी खोकला येईपर्यंत हसले. "अबे, माणसाले त्याचंच विचारलं तर तो असंच सांगन. आपल्या हातानं कोणी आपला फोटो वाईट काढते का? बरं, राहू दे. माह्यं भाषण करून दाखव."

"इथं?"

"मंग कुठं? तिथं मी काय ऐकाले बसणार हाओ?"

प्रभाकरराव उभे राहिले. खरं सांगायचं तर हे भाषण तयार होतं. दोन महिन्यांपासून. आरशासमोर करून झालेलं. त्यांनी सुरुवात केली, आवाज चढवला, उतरवला, ओसरी भरून टाकली. सातव्या मिनिटाला म्हणाले, "अण्णाजींच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी..."

"कोणती?"

"पोकळी, अण्णाजी."

"कुठं होईन ते? पोरगा गादी पाहते, नंदिनी घर पाहते, मी सकाळपासून खोकलतो. उलट एक खाट रिकामी होईन." ते चिंधूकडे वळले. "तू बोल आता."

चिंधू उभा राहिला आणि हात जोडले. "जित्या माणसाचं मी नाई बोलत, बाबाजी. मले जमतच नाई. मले तुमचं काही मालूम नाई अजून."

इथं प्रभाकररावांचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "मालूम नाई? मंग गुलाबची सायकल कशी मालूम होती तुले? शेठजीचं रडणं कसं मालूम होतं? कोण सांगते तुले? मी चौदा घरी बसलो, डायरी भरली, अन् तुले बसल्या जागी कसं मालूम होते बे?"

चिंधू गडबडला. "साहेब, अग्नी देल्ला की एखादा माणूस तरी लाकडापाशी येऊन बसते. गर्दीत बसवत नाई त्याले. तो बोलते. मी काही विचारत नाई, मी लाकूड सारून राह्यतो. गुलाबच्या वक्ती त्याचा शेजारी बसलता. तुमच्यापाशीबी आले असते लोक." तो थोडा थांबला. "पण तुमी त्या टाइमाले माईक टेस्टिंग करून राह्यता."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

नंदिनीनं चहा आणला. तिनं कप ठेवले आणि दारातच उभी राहिली. अण्णाजींनी एक घोट घेतला आणि निकाल दिला. "माह्या वक्ती चिंधू बोलन. प्रभाकर, तू माईक धरजो अन् त्याचं नाव पुकारजो. बस. नंदिनी ऐकून राह्यली, पोराले सांगन. पी आता, थंडा होते."

प्रभाकररावांनी तो चहा औषधासारखा घेतला.

पुढचे तीस दिवस आर्वी अण्णाजींच्या ओसरीवर डोळा ठेवून होती. एकतिसाव्या दिवशी अण्णाजी ई-रिक्षात बसून स्टँडपासून भाजीबाजारापर्यंत फिरून आले, पानठेल्यासमोर दोन मिनिटं मुद्दाम थांबले आणि चुना जास्त लावलेलं पान घेतलं. कुजबुज जरा खाली बसली. ते गेले ते पाच महिन्यांनी, नवा कापूस यार्डात आल्यावर. दुपारी जेवले, आडवे झाले, उठले नाहीत.

यार्ड बंद राहिलं. गाड्या तळेगावपासूनच नाही, कारंज्याहूनही आल्या. प्रभाकरराव झब्बा घालून सगळ्यांत आधी घाटावर पोचले. स्पीकर लावला. माईक हातात घेतला, "हॅलो" म्हणणार होते, आणि म्हटलं नाही. नुसतं नाव पुकारायचं, आवाज कोणाला दाखवायचा? ते मुकाट्यानं लाकडाच्या ढिगाशी जाऊन बसले. चिंधू चितेपाशी होता. अग्नी दिला गेला, गर्दी शेडकडे सरकली, आणि एक म्हातारा हमाल येऊन त्यांच्याजवळ टेकला. गोपाल त्याचं नाव. तो ज्वाळांकडे पाहत होता. प्रभाकररावांनी काही विचारलं नाही. विचारायची इच्छाच नव्हती त्यांची, ते चिंधूवर जळत होते.

"काटा," गोपाल आपणच म्हणाला. "यार्डात मे महिन्यात दुपारी एकला माणूस उभा राहत नाई, साहेब. पण यापारी कुठं थांबते? बोरे उचला, बोरे उचला. अन् अण्णाजी रोज एकच्या ठोक्याले ओरडे, काटा बिघडला! बंद करा काम! बसा बे सगळे! मंग अर्धा-पाऊण घंटा काटा पाहत बसे. आमी निंबाखाली. आमी शिव्या देवो, याचा काटा रोजच कसा बिघडते म्हणून. एक दिवस काटेवाला मिस्त्री आला, मी विचारलं. तो म्हणे, पंधरा वर्षांत या काट्याले मी हात नाई लावला, घड्याळासारखा चालते." गोपालनं नाक पुसलं. "पंचवीस उन्हाळे, साहेब. यापाऱ्यायनं त्याले येडा म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं."

प्रभाकररावांच्या अंगावर काटा आला. पहिला विचार आला तो अण्णाजींचा नव्हता. पहिला विचार आला, हे चिंधूला माहीत नाही.

शेडमधून हाक आली. ते उठले, माईकपाशी गेले. समोर माणूसच माणूस. गोष्ट ओठांवर होती. दोन मिनिटं लागली असती आणि एकतीस, चव्वेचाळीस सगळे विक्रम वाहून गेले असते. पण नाव पुकारायचं एवढंच ठरलेलं. आणि पुकारायच्या आधी सांगावी, तर लोक रडतील, आणि रडत्या लोकांपुढं उभा राहील कोण? चिंधू. आपण कढई तापवायची आणि त्यानं वडे तळायचे? ते एका श्वासात म्हणाले, "आता चिंधू बोलतील," आणि बाजूला झाले.

चिंधू चांगला बोलला. अण्णाजींनी त्याला घरी बोलावून खुर्चीवर बसवलं, तो खुर्चीवर बसायला लाजला तर "लाकडाचीच हाये बे" म्हणाले, एवढंच त्यानं सांगितलं. लोक हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. प्रभाकरराव खांबाला टेकून पाहत होते. काट्याचं याला ठाऊक नाही, हे ते मनाशी घोळवत होते, खिशातल्या गुळाच्या खड्यासारखं. घाटाच्या फाटकातून बाहेर पडताना मात्र त्यांना कळलं, की ही गोष्ट आता कुठल्याच सभेत कामाची नाही. अण्णाजी एकदाच जाणार होते.

घरी आंघोळ झाली. शोभाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांनी टॉवेल दिला आणि या खेपेला काही विचारलं नाही. प्रभाकरराव त्यांच्यासमोर पाटावर बसले. आवाज चढवला नाही, कुठं थांबले नाहीत. गोपालनं सांगितलं तसं काट्याचं सगळं सांगून टाकलं.

शोभाबाईंचे हात सुपात थांबले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "इतकं चांगलं तिथं काऊन नाई सांगितलं हो?"

"मले फक्त नाव पुकाराचं होतं."

"चिंधूले तरी सांगाचं होतं. त्यानं सांगितलं असतं."

"म्हणूनच नाई सांगितलं," प्रभाकरराव म्हणाले आणि सुपातली तूर आपल्याकडे ओढून खडे वेचू लागले.

राहिलं ते चहाचं. त्या उन्हाळ्यात प्रभाकररावांनी एकूण पंधरा घरी चहा घेतला. महिन्याच्या आत दोन माणसं गेली. मीराबाईंचं वय अठ्ठ्याऐंशी होतं. कंपाउंडरांना वर्ध्याच्या डॉक्टरांनी आधीच घरी न्यायला सांगितलं होतं. पाच महिन्यांनी गेलेले अण्णाजी सोडले तर बाकीची बारा माणसं आजही आर्वीत आहेत. प्रभाकरराव त्या घरांत गेले ते चिंधूचं बोलणं ऐकून लोक रडतात हे त्यांना पाहवत नव्हतं म्हणून.